धुतलेली माती

पुणे, २८ सप्टेंबर १९९९

नसे,

गणपतीला उत्रोलीला आले आणि तुला न भेटताच पुण्याला परतले. हे तुझ्या कानावर गेलंच असेल आणि तू फुगून बसली असशील. बस. पण फाडायच्या आधी वाच.

तुला भेटायला मला तोंड नव्हतं. आरती झाल्यावर देवळात बैठक बसली आणि तिच्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बापाचा, आमच्या दादांचा होता. ओढ्याकाठची आमची खालची दोन खाचरं पार पिवळी पडलीत. आंबेमोहोर गुडघ्याएवढा व्हायला हवा होता, तो वीतभर राहिलाय. दादा उभे राहून म्हणाले, नजीरच्या कारखान्याचं पांढरं पाणी माझ्या भाताच्या मुळाशी येतंय. कोणी नाही म्हणू शकलं नाही. मी तरी कशी म्हणणार? केस सुटावेत म्हणून तुम्ही कातडी चुन्यात आणि सल्फाईडमध्ये घालता, ते पाणी ओढ्यात जातं आणि ओढा आमच्याकडे येतो. शेवटी ठरलं ते असं, की येत्या बकरीदीला चुन्याची टाकी भरली तर उत्रोलीकर ओढ्याच्या तोंडाशी बांध घालणार. पाण्याला वाट नाही म्हणजे कारखाना बंद.

दादा बोलले खरे, पण घरी येऊन जेवले नाहीत. तुझ्या अब्बांबरोबर, नजीरचाचांबरोबर, त्याच ओढ्यात डुंबून मोठे झालेत ते. आई दोनदा म्हणाली, जेवा, तर म्हणाले, मला माझ्याच बोलण्याचा त्रास होतोय, तू गप बस.

आता माझं ऐक. शाळेत आपण 'विकर' नावाचा धडा पाठ केला होता, आठवतो? न समजता केला होता. आता थोडा समजलाय. कातड्याच्या आतल्या अंगाची खरवड तुम्ही मागच्या खड्ड्यात टाकता, ती कुजते. ती कुजवणारे जे डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत ना, त्यांना तोंड नसतं. ते अंगातून पाचकरस सोडतात, त्यानं खरवड विरघळते आणि मग ते पितात. तो रस म्हणजेच विकर. तो गाळून घेतला आणि कातड्याला लावला, तर केसाचं मूळ सैल पडतं. चुना नको, सल्फाईड नको. आणि या जीवांना खायला काय घालायचं? तुम्ही फेकता तीच खरवड.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी हाच विषय मागितलाय. मॅडम म्हणाल्या, आधी जीव मिळवून दाखव. म्हणून मला खड्ड्यातली माती हवी आहे. डबाभर पुरे. जितकी घाण तितकी चांगली, हे चाचांना नीट वाचून दाखव.

तुझी,
रत्ना


भोर, ४ ऑक्टोबर १९९९

रत्ने,

फुगले व्हतेच. अजून थोडी हाय. देवळात काय झालं ते आमाला त्याच दिवशी कळलं, तुझ्या पत्राची वाट बघायला लागली न्हाई. तू मला भेटली असतीस तर मी तुला काय खाल्लं असतं का?

तुझ्या दादांवर माझा राग न्हाई असं लिहिणार व्हते, पण खोटं कशाला लिहू. राग हाय. कुंडलिककाकांनी आधी घरी येऊन अब्बांना सांगायला पायजे व्हतं, मग देवळात. अब्बा म्हणले, त्याचं भात पिवळं पडलंय, त्यानं कुठं बोलायचं ते त्यानं ठरवावं. एवढंच म्हणले. नंतर टाकीच्या काठावर बसून राहिले. अम्मीनं भांडी आपटली तरी हलले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी म्हणले, सारोळ्याला तुझ्या मामूचं टायरचं दुकान हाय, तिथं बसेन हवा भरत. रत्ने, मला ते चित्र बघवत न्हाई. कातडं नुसतं हातात घेऊन बकरी कुठल्या रानात चरली ते सांगणारा माणूस हायवेला हवा भरत बसणार. मला हा कारखाना बंद व्हायला नकोय. वास येतो, हात फाटतात, पाहुणे दारातनं परत जातात, सगळं कबूल. तरी मला तो हवाय. हे मी अब्बांना सुदिक बोलले न्हाई, तुला लिहिते.

तुझा धडा त्यांना वाचून दाखवला. तोंड नसलेले जीव म्हणल्यावर हसले, लई दिवसांनी हसले. माती त्यांनीच उकरून, बांधून दिलीय. मला हात लावू दिला न्हाई. मिठाईचा डबा हाय, वरून सुतळी. स्वारगेट गाडीचे कंडक्टर सोनबा हायत ना, त्यांच्याकडं दिलाय. त्यांना सांगितलंय, आत सोनं हाय.

कळव लवकर. बकरीद मार्चात हाय.

नसरीन


पुणे, १७ ऑक्टोबर १९९९

नसे,

वाईट बातमी आहे. काही उगवलं नाही.

उगवलं नाही म्हणजे अक्षरशः काहीच नाही. आमच्या वसतिगृहाच्या जिन्यावरची धूळ घेतली तरी तीत काहीबाही उगवतं. भिंतीला बोट लावून प्रयोगशाळेतल्या ताटलीवर टेकवलं तरी उगवतं. तुमच्या खड्ड्यातल्या मातीत मात्र एक ठिपका नाही. मी तीनतीनदा करून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, एवढी निर्मळ माती मी नोकरी लागल्यापासून पाहिली नाही, ही कुठल्या मंदिरातली आहे का?

सगळे हसले. मी पण हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. मॅडमनी विषय बदलायला सांगितलाय. दुसऱ्या मुली दह्यावर काम करतायत, मलाही दही घे म्हणाल्या. मी म्हटलं, एक संधी द्या.

एक विचारू? डबा उघडला तेव्हा अत्तराचा वास आला होता. मला वाटलं मिठाईच्या डब्याचा असेल. मिठाईला अत्तराचा वास कुठे येतो, हे आत्ता लिहिताना सुचतंय. चाचांना विचार, पण रागावून नको.

रत्ना


भोर, २२ ऑक्टोबर १९९९

चि. रत्ना हिला नजीरचाचाचा सलाम आन् आशीर्वाद.

पत्र म्याच लिहितोय. नसरीन लिहिते म्हणत व्हती, म्हणलं, केलं म्या तर लिहिणार बी म्याच. माझं अक्षर चवथीतलं हाय, लावून वाच.

जितकी घाण तितकी चांगली, असं तू लिहिलं व्हतंस. म्या ऐकलं व्हतं. पण खड्ड्यावर गेलो, माती उकरली आन् हात थांबला. ही माती पुण्याच्या कॉलेजात जाणार. तिथं मोठ्या मॅडम असणार. त्या झाकण उघडणार, नाकाला पदर लावणार आन् मग आमच्या रत्नाकडं बघणार. ते काय मला सोसंना. म्हणून माती पाण्यानं धुतली. पत्र्यावर कडक उन्हात वाळवली. वरून फिनेल शिंपडलं. तरी मला वास यायचाच. मग ईदीला आणलेलं अत्तर व्हतं, त्यातलं टाकलं. चाळली सुदिक. बारीक, मऊ झाली. म्हणलं आता कशी शोभंल.

नसरीनला हे कळल्यापासून ती माझ्याशी अर्धंच बोलतीय.

तुला एक ठाऊक न्हाई, म्हणून सांगतो. नसरीन पाचवीत असताना तिच्या बाकावर कुणी बसत नव्हतं. कपड्याला वास येतो म्हणायच्या पोरी. तिची अम्मी कपडे धुऊन धुऊन फाडायची. वास कपड्यात नव्हता, घरात व्हता, तो कुठं धुणार? पोरगी कधी बोलली न्हाई, पण मला दिसायचं. एक दिवस हसत आली. म्हणली, आज माझ्या बाकावर एक पोरगी बसली, उत्रोलीची हाय. कुंडलिकची पोरगी हाय हे मला मागनं कळलं. त्या दिवशी म्या पोट भरून जेवलो. मग तूच सांग, ज्या पोरीला आमच्या वासाचं काय वाटलं न्हाई, तिच्याच हातात म्या घाण कशी देऊ?

चुकलं माझं. तुझी परीक्षा खराब झाली असंल तर मॅडमला माझं नाव सांग.

आज नवी माती पाठवतोय. ओली, तशीच, खड्ड्याच्या तळातली. भरताना नसरीनला समोर उभी केली व्हती, म्हणलं माझा हात पाण्याच्या बादलीकडं गेला तर वरड. दोनदा वरडली.

तुझ्या बापाचं भात माझ्याच पाण्यानं पिवळं पडलंय. त्याला म्या वाईट म्हणत न्हाई.

नजीर


पुणे, ६ नोव्हेंबर १९९९

चाचा आणि नसे, दोघांनी मिळून वाचा.

डबा पोचला. सोनबा कंडक्टरनी तो टपावर बांधून आणला. आधी गाडीत ठेवला होता, तर नसरापूर यायच्या आतच माणसं गाडी थांबवा म्हणायला लागली. ते मला म्हणाले, बाई, पुढच्या वेळी खरंच सोनं पाठवा. मॅडमनी झाकण उघडलं. नाकाला पदर लावला, चाचा, खोटं नाही सांगत. आणि पदराआडून म्हणाल्या, हां, ही माती.

आमच्या ताटल्यांत दूध घालून थिजवलेलं खाद्य असतं, पांढरंधोप. त्यावर मातीचं पाणी पसरायचं आणि वाट बघायची. ज्या जीवाचा रस चांगला, त्याच्याभोवतीचं दूध पचून जातं आणि काचेसारखं रिंगण पडतं. सोमवारी सकाळी ताटल्या काढल्या तर रिंगणंच रिंगणं. एक तर असं मोठं, की शेजारच्यांची जागा खाऊन बसलं होतं. चुना, मीठ, सगळं सोसून त्या खड्ड्यात वाढलेलं ते पोर, त्याला काय कमी? मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि दह्याचं नाव काढलं नाही.

आता मला खरवड हवी. पिंप भरून. तिची पेज करून त्यात हे जीव सोडायचे, हवा द्यायची, ऊब द्यायची. त्यांनी खरवड खाल्ली की वरचं पाणी गाळायचं. तेच आपलं औषध.

आणि चाचा, त्या बाकाचं. तुम्ही मला फार मोठी करताय, म्हणून सांगते. मी उशिरा नाव घातलं होतं आणि खिडकीपाशी तेवढीच जागा रिकामी होती. वास मला आला होता. दोनचार दिवस आला, मग कळेनासा झाला. त्यानंतर मात्र मला कोणी दुसरीकडे बस म्हटलं असतं तरी मी उठले नसते. तुमची पोरगी फार चावट बोलायची.

रत्ना


भोर, १४ जानेवारी २०००

प्रिय रत्ना,

तू पाठवलेली औषधाची बरणी पोचली. ईद चांगली झाली. शीरखुर्मा पाठवणार व्हते, पण गाडीत नासला असता. अब्बा बरे आहेत. अम्मी बरी आहे. काम चालू आहे. तुझा अभ्यास कसा चालला आहे? थंडीची काळजी घे.

तुझी,
नसरीन


पुणे, २१ जानेवारी २०००

नसे,

हे पत्र कोणी लिहिलं? 'प्रिय रत्ना', 'थंडीची काळजी घे'. शाळेतल्या निबंधाच्या वहीतून उतरवलंस का? तू मला आजवर प्रिय म्हटलेलं नाहीस, आणि थंडीत मी कुडकुडले तर हसायचीस.

संक्रांतीला मी घरी गेले होते. दादांना विचारलं, कारखान्याचं काय? म्हणाले, टाक्या कोरड्या हायत, नजीर कुणाशी बोलत न्हाई. मला वाटलं होतं औषध लागू पडलं असेल, तुम्ही कातडी काढत असाल. ओढ्यापर्यंत आले. धुराड्यातून धूर नाही, आवाज नाही. पुढे पाऊल टाकवेना आणि परत फिरले. हो, पुन्हा. आता तू फुगायचं कारण आहे.

तुम्ही कारखाना बंद करायचं ठरवलंय का? चाचा सारोळ्याला जातायत का? की आमच्या दादांनी आणखी काही बोलून ठेवलंय आणि त्याचा राग आता माझ्यावर निघतोय? काहीही असेल ते शिव्या घालून लिही. पण असं गोडगोड लिहू नकोस, मला रात्रभर टोचतं.

रत्ना


भोर, २७ जानेवारी २०००

रत्ने,

शिव्या घालते. येडी हायस तू. तुझ्यावर कोण रागवंल?

अब्बांनी मला शपथ घातली व्हती. आज अम्मीनं ती मोडायला सांगितलं. म्हणली, शपथ त्यांची आणि रडणं तुझं, असं किती दिवस चालायचं.

कातडं विरघळलं, रत्ने. तुझी बरणी आली तेव्हा अब्बांनी नवे कपडे घातले. बकऱ्याची चांगली निवडून कातडी घेतली, एकाला सुदिक चीर न्हाई. टाकी घासून, चुन्याचा कण राहू दिला न्हाई. औषध ओतलं, कातडी बुडवली, वर फळी ठेवली. आमचं काम तुला ठाऊक हाय. मंगळवारच्या बाजाराला घातलेलं कातडं पुढच्या मंगळवारच्या बाजाराला काढायचं. आजोबांपासनं असंच. मधे कुणी फळी उचलत न्हाई. मग मंगळवारी अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून फळी उचलली, काठी घातली, आणि काठीला नुसती खळ आली. पोस्टाची पाकिटं चिकटवायला घ्यावी अशी. केस तेवढे तरंगत व्हते.

अब्बांनी सगळं मागं नेऊन पुरलं. मला म्हणले, पोरीनं एवढा जीव लावला, आता तिला सांगू तुझं औषध वाईट निघालं म्हणून? तिची परीक्षा हाय, तिचं मन मोडंल. म्हणून ते गोडगोड पत्र. तेच बसून सांगत व्हते आणि मी लिहीत व्हते. थंडीची काळजी त्यांचीच हाय.

मामूकडं निरोप गेलाय. बकरीदीनंतर सारोळ्याला जायचं म्हणतात. मी दिवसभर रिकाम्या टाक्यांकडं बघत बसते. मला काय करावं कळत न्हाई. तुला काय कळत असंल तर सांग, आणि कळत नसंल तरी लिही.

नसरीन


पुणे, १ फेब्रुवारी २०००

नसे,

चाचांना आत्ताच्या आत्ता वाचून दाखव. औषध वाईट नाही, औषध जास्त चांगलं आहे. आणि गाढव मी आहे.

वेळ मी लिहिलीच नव्हती. चुना हळू काम करतो, त्याला आठवडा लागतो. हा रस भुकेला असतो. आधी केसाचं मूळ सैल करतो, ते झालं की कातडंच खायला लागतो. त्याला एक रात्र पुरते. संध्याकाळी घालायचं, सकाळी फळी उचलायची आणि अंगठ्यानं केस लोटून बघायचा. सुटला की तिथल्या तिथं काढून धुवायचं. प्रयोगशाळेत हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय, की लिहायचं असतं हेच सुचलं नाही. तुमच्या बाजार ते बाजार हिशोबाची मी लहानपणापासून साक्षीदार, तरी सुचलं नाही.

आणि माझं मन मोडेल म्हणून चाचा गप्प बसले? त्यांना सांग, माझं मन मोडायला एवढ्या चांगल्या कातड्यांची खळ करायची गरज नव्हती. नुसती थंडीची काळजी घे लिहिलं तरी मोडलं होतं.

शनिवारी नवी बरणी घेऊन पहिल्या गाडीनं येते. आधी तुमच्याकडे, मग घरी. दादांना दिसले तर दिसू दे. मामूला सांग, हवा भरायला दुसरा माणूस बघ.

रत्ना


भोर, २५ मार्च २०००

रत्ने,

बकरीद झाली. सगळं एकदम सांगते, मधे प्रश्न विचारू नकोस.

तू आली व्हतीस त्या रविवारी सकाळी अब्बांनी अंगठा लावला आणि केस धोतराच्या निऱ्यांसारखे सरकले, तेव्हा तू त्यांच्या हाताकडं बघत व्हतीस. मी तोंडाकडं बघत व्हते. त्यांचा खालचा ओठ हलत व्हता. तू गेल्यावर म्हणले, मानेपाशी थोडे केस राहतात, चुन्यात राहत नव्हते. म्हंजी आता ठीक हायत, खोड काढायला लागले.

खरवडीची पिंपं आता मी बघते. पेज करायची, गार करायची, जुन्यातलं थोडं विरजण लावायचं, ढवळायचं, कांबळ्यात गुंडाळायचं. अब्बा रोज विचारतात, जेवली का तुझी जनावरं? जन्मभर मेल्या जनावराचं काम केलं, आता म्हातारपणी जित्याला खाऊ घालतोय, म्हणतात. एका पिंपाला वेगळाच वास आला, तर दोघं मिळून ते फेकून आलो आणि दिवसभर उदास.

ईदीला व्यापाऱ्यांचे टेम्पो आले. अब्बांनी बहुतेक परत पाठवले. म्हणले, माझ्या पिंपात रस हाय तेवढीच कातडी घेईन, बाकी दुसरीकडं न्या. लोक हसले. अब्बांनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी धुवायचं पाणी ओढ्यात सुटलं आणि उत्रोलीची माणसं फावडी घेऊन आली. पुढं तुझे दादा. मी दारात उभी राहिले. कुंडलिककाका पाण्याच्या तोंडाशी गेले. पाणी चहासारखं, पांढरं न्हाई. वाकून ओंजळीत घेतलं, वास घेतला. अब्बांना म्हणले, चुना कुठाय? अब्बा म्हणले, न्हाई. सल्फाईड? न्हाई. काका म्हणले, मग केस कशानं निघाले? अब्बा म्हणले, तुझ्या पोरीनं काढले.

मागची माणसं बांध घालायला उतरली व्हती. काका म्हणले, थांबा. आमच्याच दारातला रॉकेलचा रिकामा कॅन उचलला, पाण्यानं भरला आणि गेले. कॅन द्या म्हणून मी ओरडले न्हाई. बांध घातला न्हाई, पण घालणार न्हाई असंही कुणी बोललं न्हाई. आता रोज सकाळी अब्बा आधी ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बघतात, फावडी हायत का. मग दात घासतात.

दादांचं तुला काय कळलं तर लिही. इथं कुणी काय सांगत न्हाई.

नसरीन


नजीरचा कारखाना, भोर
२४ जून २०००

रत्ना,

पत्र नसरीन लिहितीय, सांगतोय म्या, तुझा दादा. गावात लिहिणारं कुणी न्हाई असं न्हाई. पण हिचं अक्षर बरं हाय.

तू पास झालीस हे कळलं. मॅडमनं पुढं शिकवायचं म्हणलं, हे बी कळलं. शीक.

त्या दिवशी नेलेलं पाणी म्या तुझ्या आईच्या मेथीला घातलं. मेथी मरंल म्हणून घातलं, तुला खरं सांगतो. मेलेली मेथी नेऊन नजीरच्या दारात टाकायची, असं मनात व्हतं. मेथी मेली न्हाई. वाढली. तुझ्या आईनं भाजी केली, म्या गप खाल्ली. मग कॅन घेऊन परत आलो. हितं म्हणलं, कॅन द्यायला आलोय. नजीर म्हणला, भरून ने.

(रत्ने, हे माझं मधेच: अब्बा दाराआड उभे राहून सगळं ऐकतायत.)

कातडं टिकावं म्हणून लावलेल्या मिठाचं पाणी नजीर आता येगळं धरतो, ओढ्यात सोडत न्हाई. पुढच्या धुण्याचं पाणी तेवढं सोडतो. ते म्या उन्हाळाभर कांद्याला घातलं, वांग्याला घातलं. मग यंदा तरव्याला घातलं. तरवा म्हंजी भाताची रोपं, तो गेला तर वरीस गेलं, हे तुला सांगायला नको. लोक म्हणले, कुंडलिकला याड लागलं. तुझी आई तर बांधावर बसून रडली. म्या बी रोज उठून रोपांना हात लावून बघायचो. हिरवा काळाशार निघालाय तरवा. गावातनं लोक बघायला येतायत.

देवळात परत बैठक घेतली. पहिल्या बारीला म्याच बोललो व्हतो, म्हणून ह्या बारीला बी म्याच बोललो. म्हणलं, नजीरचं पाणी आडवायचं न्हाई, आन् ज्याला ते वावरात घ्यायचं असंल त्यानं माझ्या मागनं नंबर लावायचा. एकदोघं कुरकुरले. कुरकुरू दे.

नजीरला आधी घरी येऊन सांगायला पायजे व्हतं, ते म्या देवळात सांगितलं. ते चुकलं. हे ह्या पोरीनं मला आज तोंडावर सांगितलं. ऐकून घेतलं.

(अब्बा आत आलेत. चहा आणते.)

लावणी पुढल्या सोमवारी धरलीय. माणसं मिळंनात. नजीर म्हणतो, म्या येतो. त्याचे हात फाटलेले हायत, चिखलात झोंबतील, म्हणून नको म्हणलं. ऐकत न्हाई. तू बी रजा काढून ये.

तुझी आई इचारत व्हती, लावणीला भाकरी किती माणसांच्या करायच्या. म्हणलं, नजीरचं घर धरून कर.

तुझा दादा,
कुंडलिक